सांगेपर्यंत हात लावायचा नाही

सोफे-खुर्च्या दुरुस्त करायच्या त्या दुकानात तिला सगळे दाभण म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. एक तर अंगकाठी उंच आणि शिडशिडीत, त्यात बोलणं असं की जाड रेक्झिनमधूनही आरपार जावं. एकदा एका गिऱ्हाइकाने नव्या बैठकीवर बसून 'जरा टोचतंय' अशी तक्रार केली. ती म्हणाली, "खिशातल्या किल्ल्या काढून बसा." गिऱ्हाइकाने किल्ल्या काढल्या, मान खाली घातली, आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक मोडकी खुर्ची ते इथेच आणू लागलं.

दुकान तिचं आणि नवऱ्याचं, दोघांचं मिळून. नवरा लाकडी सांगाडा बघायचा, स्प्रिंगा बांधायचा, फोम कापून चिकटवायचा. ती कापड बेतायची, शिवायची आणि सगळं झालं की तयार बैठकीवर डोळे मिटून तळहात फिरवायची. हे शेवटचं काम फक्त तिचं होतं. डोळ्याला न दिसणारी सुरकुती किंवा आतला कापसाचा गोळा तिच्या हाताला बरोबर लागायचा. "इथे," ती म्हणायची. नवरा तिथे बोट ठेवायचा. "नाही, बोटभर वर." मग तो टाका उसवून आतलं सारखं करायचा. दोघांचं दिवसभराचं बोलणं पुष्कळदा एवढंच असायचं, आणि त्यावर त्यांचा संसार चांगला चालला होता. मुलगी लग्न होऊन गेली होती. रविवारी फोन करायची, आणि आईबापांपैकी जो फोन उचलेल तो दुसऱ्याची खुशाली सांगायचा.

नवऱ्याचा स्वभाव मुलखाचा सावकाश. त्याच्या कामात एकच नियम होता, ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या म्हाताऱ्या कारागिराकडून आलेला. फोमला सोल्यूशन लावून चिकटवलं की ज्याने ते लावलं तो सांगेपर्यंत दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. वरून चिकटलेलं दिसतं, आत ओलं असतं. घाईने उचललं की जागा सोडतं, आणि एकदा जागा सोडलेलं पुन्हा पहिल्यासारखं धरत नाही. त्यामुळे तो फोमकडे बघत हात मागे बांधून उभा राहायचा, आणि त्याच्या मनासारखं झालं की म्हणायचा, "हं, लाव हात." तोवर गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं राहो नाहीतर छप्पर कोसळो. हा नियम फोमसाठी सोळा आणे खरा आहे. माणसांना लावला तर काय होतं, ते या दोघांकडून ऐकावं.

गाठ तिची तिलाच लागली. आंघोळ करताना, त्याच तळहाताला. जन्मभर बैठकी तपासलेल्या हाताला ती चुकणार थोडीच होती. बाहेर येऊन तिने कामावरच्याच सुरात नवऱ्याला सांगितलं, "इथे आहे काहीतरी." त्याने हातातली कात्री खाली ठेवली आणि चपला घातल्या.

मग जे व्हायचं ते रीतसर झालं. डावं स्तन काढलं. केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, आणि रोज एक हार्मोन रोखणारी गोळी मागे लागली, ती पुढची काही वर्षं घ्यायची होती. केस गेले आणि परत आले, येताना कुरळे आले. भूक परत आली. छातीची डावी बाजू मात्र बधिर राहिली. तिथे चिमटा काढला तर शेजारणीला काढल्यासारखं वाटायचं. बोटांची टोकंही केमोने मेली ती मेलीच. बटण लावताना बघून लावावं लागे.

ती कधी रडली नाही याचं सगळ्यांना केवढं कौतुक. खरं म्हणजे तिला रडू आलंच नव्हतं, त्यात तिचं कर्तृत्व काही नव्हतं. आत काहीतरी बंद झालं होतं आणि ते तिला बरंच सोयीचं पडत होतं. सुया टोचल्या, रिपोर्ट आले, लोक येऊन गेले, ती सगळ्यांना चहा विचारत राहिली.

नणंद फळं घेऊन आली होती. पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "वहिनी, जीव वाचला ना? मग बाकीचं घेऊन काय करायचंय या वयात?"

"या वयात म्हणजे कोणत्या?" तिने विचारलं. "तुमच्यापेक्षा मी लहान आहे."

नणंदेने लगेच हवापाण्याचा विषय काढला. पण ते बाकीचं जे होतं ते कुठे गेलं, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

कामावर परतल्यावर पहिल्याच खुर्चीवर तिने डोळे मिटून हात फिरवला. काहीच कळलं नाही. कापड नव्हतं, फोम नव्हता, नुसता हात पुढे सरकत होता. ती म्हणाली, "ठीक आहे." खुर्ची गेली आणि आठवड्याने सुरकुती पडली म्हणून परत आली. नवऱ्याने टाका उसवून ती नीट केली. मग ती एकटीच बसून काय काय करून बघत राहिली, कधी कोपर, कधी गाल. शेवटी मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी जिथे उडते तिथे, पहिल्यासारखं कळायला लागलं. तेव्हापासून ती बैठकीवर मनगट फिरवू लागली. बघणाऱ्याला ते विचित्र दिसे. नवऱ्याने ते पाहिलं, पण त्यावर तो काही बोलला नाही.

न बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुकानात त्याचं काही बिघडत नसे, घरी मात्र सगळंच बिघडत चाललं होतं.

एकदा प्रयत्न झाला होता. शेक संपले होते, केस बोटभर वाढले होते. सुरुवात तिनेच केली. इच्छा होती म्हणून नव्हे. नवरा आहे, किती दिवस थांबेल बिचारा, असा विचार करून. दिवा बंद, गाऊन अंगावर, डावा हात छातीवर आडवा. आणि मग खाली अशी आग झाली, जणू भाजलेल्या कातडीवर कोणी खरखरीत फडकं घासतंय. तिने दात आवळले. तरी घशातून आवाज निसटलाच.

तो तिथल्या तिथे थांबला. "दुखलं?"

"नाही."

"दुखलं," तो स्वतःशीच म्हणाला. उठला, पाणी प्यायला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याने आपली गादीही बाहेरच्या खोलीत नेली. म्हणाला, खोकला आहे, तुझी झोप मोडते. त्याला खोकला नव्हता. बोललं ते खरं दिसावं म्हणून तो अधूनमधून मुद्दाम खोकायचा, आणि तेही त्याला धड जमत नसे.

तिने जो अर्थ लावायचा तो लावला. अंधार असला तरी हाताला लागलंच असेल. किळस आली असणार. माणूस सज्जन आहे, तोंडावर बोलायचा नाही, म्हणून खोकतो. या विचाराने जीव तुटायला हवा होता. तिने वाट पाहिली, पण तुटला नाही. तिने उशी मधोमध घेतली आणि झोपून गेली. पुढे ती कपडेही दार लोटून बदलू लागली, आणि असे दोन उन्हाळे निघून गेले.

तपासणीला ती ठरल्या वेळी जायची. डॉक्टर चांगले होते. रक्त, हाडं, झोप, वजन, सगळं विचारायचे. शेवटी "आणखी काही?" असंही विचारायचे, पण तोवर त्यांचा हात पुढच्या पेशंटच्या कागदांवर पडलेला असायचा. ती म्हणायची, "नाही."

त्या दिवशी नवरा नेहमीसारखा बाहेर बाकावर बसला होता. रक्त घ्यायला एक नवीन सिस्टर होती. चांगली आडव्या अंगाची, चष्मा गळ्यात दोरीला लोंबत असलेली. शीर शोधता शोधता तिने विचारलं, "घरी कसं चाललंय, ताई?"

"चाललंय."

"चाललंय म्हणजे? एकत्र झोपता की वेगळे?"

असं तिला कोणी विचारलं नव्हतं. सख्ख्या बहिणीनेही नाही. दाभणाला सुई टोचली म्हणायची. "वेगळे," ती म्हणाली. "त्यांना खोकला आहे."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील."

"मग छातीचा फोटो काढायला हवा त्यांचा," सिस्टर म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

तिच्या तोंडून हसू निसटलं, आणि त्याच्या मागोमाग बाकीचंही बाहेर पडलं. आग कशी झाली ते. इच्छा अशी काही उरलीच नाही ते. छातीवर हात ठेवला तर आपलाच आहे की दुसऱ्याचा ते कळत नाही, ते. सांगताना तिचा आवाज गिऱ्हाइकाला कापडाचे पन्हे सांगावेत तसा सपाट होता.

सिस्टरने सुई काढून कापूस दाबला. "तुमच्यात काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "त्या गोळीने खालचा ओलावा आटतो, कातडी पातळ होते. पुष्कळ जणींना होतं, सांगत कोणी नाही. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही." मग तिने दोन ट्यूबची नावं सांगितली. एक रोजच्या वापराची, ओलावा टिकवायला. दुसरी त्या वेळेपुरती, बुळबुळीत. यात हार्मोन नसतात. हार्मोनचं काही घ्यायचं झालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. एवढं करून आग थांबली नाही तर परत यायचं, तपासून बघता येतं. "आणि दात आवळून सोसायचं नाही. एकदा सोसलं की पुढच्या वेळी अंग आधीच आवळून बसतं. नको तेव्हा नको म्हणायचं."

"आणि हवंसंच वाटत नसेल तर?"

"तर नुसतं शेजारी पडायचं. शर्यत आहे का? जिथे कळतं तिथून सुरू करायचं."

तिने नकळत आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"त्यांना बोलवा आत," सिस्टर म्हणाली.

नवरा आत आला, स्टुलावर बसला आणि सवयीने अंगठ्याने बैठक दाबून बघितली. "याचा फोम गेलाय."

"माहीत आहे. तुम्ही बाहेर का झोपता?"

"खोकला..."

"खोकून दाखवा."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर खिडकीकडे वळवली. त्याने स्टुलाची बैठक पुन्हा एकदा दाबून पाहिली. मग म्हणाला, "सांगितलं होतं ना."

"काय सांगितलं होतं?"

"हात लावायचा नाही म्हणून. ऑपरेशन झालं तेव्हा. एक सिस्टर होत्या, बारीकशा. टाके ओले आहेत म्हणाल्या, आम्ही सांगेपर्यंत तिथे हात लावायचा नाही. मी थांबलो." त्याने बैठकीवरचा अंगठा उचलला. "नंतर कोणी सांगितलंच नाही. मध्ये एकदा घाई झाली. माझीच चूक. तेव्हा कळलं, अजून धरलेलं नाही."

सिस्टरने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला.

"अहो, ते टाक्यांचं होतं," ती हळूच म्हणाली. "टाके कधीच वाळले."

"हो का," तो म्हणाला.

परतताना दोघं चालत आली. औषधाच्या दुकानात ट्यूब घ्यायला तीच पुढे झाली, तो बाहेर फळीवर मांडलेले साबण बघत उभा राहिला. ती राग शोधत होती. पिशवीत किल्ली चाचपावी तशी ती आतल्या आत चाचपत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. मेलेल्या बोटांनी ते कसलं लागणार. दुकानात आल्यावर तो सांगाडा उलटा करून खिळे काढायला बसला. ती मशीनवर बसली आणि मशीन चालू न करता म्हणाली, "दोन वर्षं. विचारायचं तरी."

"ज्याचं त्याने सांगायचं असतं."

"मी काय रेक्झिन आहे?"

"नाही," तो म्हणाला. दोन खिळे निघाले. "रेक्झिन असतीस तर मला समजलं असतं."

तिने मशीनखालचं कापड उगाच सारखं केलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला किळस येते."

त्याने पक्कड खाली ठेवली. "कशाची?"

तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. तिने हनुवटीने आपल्या छातीकडे दाखवलं.

"मी पाहिलंय कुठे?" तो म्हणाला. "तू दार लावून घेतेस."

हे खरं होतं. तिने मशीन चालू केलं.

त्याची गादी आतल्या खोलीत परत आली आणि खोकला एका दिवसात बरा झाला. तो पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखा झोपायचा. अंगातून काही शिरशिरी वगैरे उठली, असं कोणी समजू नये. ती पहिली ट्यूब सांगितल्याप्रमाणे वापरायची, दात घासावेत तसं. काही आठवड्यांनी नुसतं चालता-बसतानाही जी कोरडी चुरचुर व्हायची ती कमी झाली. दुसरी ट्यूब कपाटात न उघडलेली होती. एकदा तिने आपलं पाऊल त्याच्या पावलावर ठेवलं. त्याचं पाऊल गार होतं. गार आहे हे तिला कळलं, आणि ते कळलं याचंच तिला नवल वाटलं. तो हलला नाही. जागा होता, तरी हलला नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी एक लांबलचक बाक पुरा करायचा राहिला होता, दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतला. दोघं दुपारी आली, शटर अर्धं ओढून घेतलं. त्याने फोम चिकटवला आणि हात मागे बांधून उभा राहिला. वरच्या झरोक्यातून ऊन आत आलं होतं, त्यात कापसाची धूळ तरंगत होती. "हं, लाव हात," तो म्हणाला. तिने कापड चढवलं, ताणून ठोकलं, मनगट फिरवलं. कुठेच काही नव्हतं. बाक चांगला झाला होता.

तिने शटर पुरतं खाली ओढलं. मग त्याच्यासमोर येऊन आपल्या सदऱ्याची बटणं काढायला लागली. बटणं एकेक बघून काढावी लागत होती, त्यामुळे वेळ लागला. त्याने मदतीला हात पुढे केला नाही. सदरा खांद्यावरून उतरवून ती झरोक्याच्या उजेडात उभी राहिली. डावीकडे सपाट, मधून काखेपर्यंत गेलेली तिरकी रेघ, शेकाने काळपटलेली कातडी. तिला लाज वाटली नाही, भीती वाटली. फार दिवसांनी काहीतरी वाटलं होतं ते नेमकं हेच असावं, याचा तिला जरा रागही आला.

त्याने पाहिलं. नजर फिरवली नाही, चुकवली नाही. एखादं जुनं काम दुसऱ्या कारागिराने कसं शिवलंय ते बघावं तसं त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि हात पाठीमागे बांधलेले होते.

ते बांधलेले हात बघितले तेव्हा तिला सगळं कळलं. हा माणूस असाच उभा राहील. दुकान विकलं जाईल, दोघं म्हातारी होतील, तरी हा हात मागे बांधून उभा राहील. डॉक्टर सांगणार नाहीत, सिस्टरने सांगून भागणार नाही. सांगायचं होतं ते तिनेच.

"लावा हात," ती म्हणाली.

त्याने तळहात आपल्या सदऱ्याला पुसला आणि मग रेघेवर ठेवला. तिला काही कळलं नाही. हात तिथे आहे, हे तिने नुसतं पाहिलं.

"इथे?" त्याने विचारलं.

"नाही."

हात थोडा सरकला. "इथे?"

"नाही."

तो घाईत नव्हता. घाई त्याला कधी नव्हतीच. हात रेघेच्या टोकाशी आला, काखेजवळ, मग वर, गळ्याच्या हाडाकडे. ती त्याच्या हाताकडे बघत होती, आणि एका जागी तिला बघायची गरज उरली नाही. हात गरम होता. सोल्यूशनने खरखरीत झालेला होता.

"इथे?"

तिने डोळे मिटून घेतले.

"बोटभर वर," ती म्हणाली.